गेरू लावलेला चौकोन

अण्णा,

वाडीचा हिशोब आता मी रंगांत ठेवते. तुम्हाला हसू येईल, कारण हिशोब हा शब्द निघाला की मी स्वयंपाकघरात पळायची, आणि रंगाशी माझा संबंध कसा आला होता तेही तुम्ही विसरला नसाल. पण आता तसं आहे खरं. दुपारची जेवणं उरकून पाहुणे समुद्रावर गेले की मी मागच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसते. हे पाहुणे म्हणजे आपले नातेवाईक नव्हेत. विहिरीपलीकडे दोन खोल्या बांधल्या आहेत, तिथे पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात, माझ्या हातचं जेवतात आणि जाताना पैसे देतात. पाहुण्याकडून पैसे घेतलेले आईला कळले असते तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या आहेत, शीट उघडी आहे, आणि तिच्यात भरायचं ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे. लिहून कुठे टाकणार, हा प्रश्न मला विचारू नका.

शीट म्हणजे काय ते सांगते. नुसते चौकोन. उभे-आडवे, संपतच नाहीत. आडव्या ओळीत महिने, उभ्या ओळीत सुपारी, नारळ, खोल्यांचं भाडं, मजुरी, शेणखत, विजेचं बिल. तुमच्या नातीनं बनवून दिली आहे, धाकट्याच्या मुलीनं. चार दिवस रजा काढून आली होती तेव्हा माझ्या शेजारी बसून शिकवलंन. मी शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं बिलं केली, पण हे आमच्या वेळी नव्हतं. सुरुवातीला माझे हाल झाले. चौकोन अरुंद असला की त्यात आकडा दिसतच नाही, नुसत्या जाळ्या दिसतात. मला वाटलं सगळं पुसलं गेलं. घाबरून तिला फोन केला तर हसायला लागली. "आत्या, पैसे आहेत गं, जागा कमी पडतेय त्यांना. रेघ धरून ओढ जरा." ओढली तर खरंच सगळे आकडे जागेवर. दुसऱ्या पानावर तिनं पुढे काय काय करायचंय ते लिहून ठेवलंय. नवी मोटर, छपराचे पत्रे, उरलेली रोपं. प्रत्येकापुढे एक पट्टी आहे, पैसे साठतील तशी ती भरत जाते. मोटरची पट्टी भरली त्या दिवशी मी एकटीच बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

खरी गंमत रंगांची. एखाद्या चौकोनाला नियम घालून देता येतो, की आकडा अमक्याच्या खाली गेला तर तू लाल हो, वर असलास तर हिरवा हो. मग आपण काही करायचं नाही, तो आपापला रंग बदलतो. नात मला हे समजावत होती आणि मी मान डोलावत होते, तर ती म्हणाली, "कळलं का?" मी म्हटलं, "अगं, हे तर चुना आणि गेरू." तिला काय कळणार. तिनं तुम्हाला फोटोतच पाहिलंय.

तेव्हा मग मी तिला सांगितलं. सुपारी काढायच्या आधी अण्णा वाडीत फिरायचे. कोयता उलटा धरून मुठीनं प्रत्येक झाडावर ठोकायचे आणि कान लावायचे. भरीव आवाज आला तर चुन्याचा पट्टा. पोकळ आला, किंवा बुंध्याला कीड दिसली, तर गेरूचा. चढणारा एकदा वर गेला की खाली येत नसे. शेंड्याला झोका द्यायचा आणि पुढच्या झाडाचा शेंडा धरायचा, तिथला घड उतरवला की त्याच्या पुढच्या. वरून त्याला झाड बरं की वाईट हे कळायचं नाही. तो खाली वाकून फक्त रंग बघायचा. मला त्याचा आवाज अजून ऐकू येतो, "अण्णानू, पुढं पांढरा हाय ना?" आणि तुम्ही मान वर करून म्हणायचात, "आहे, जा." एवढं ऐकून तो माणूस स्वतःला हवेत सोडून द्यायचा. गेरूच्या झाडाला वळसा घालायचा. हंगाम संपला की ती झाडं तुम्ही तोडून टाकायचात. नात ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाप रे, म्हणजे आजोबांच्या रंगावर माणसाचा जीव." मी म्हटलं, "हो, आणि आपल्या रंगावर विजेचं बिल."

वाडी तुम्ही ठेवून गेलात तशी नाही आता. चक्रीवादळ आलं तेव्हा तुम्ही नव्हतात हे बरंच झालं. सकाळी मागचं दार उघडलं तर दारातून समुद्र दिसत होता. कधीच दिसला नव्हता. श्रीवर्धनपासून दिवेआगरपर्यंत सगळीकडे तेच. आपली जुनी झाडं एकाच बाजूला तोंड करून आडवी झाली होती, त्यांच्यात चुना कुठला आणि गेरू कुठला, काही राहिलं नव्हतं. धाकटा पनवेलहून दोन दिवसांनी पोचला. वाडीत उभा राहून म्हणाला, "ताई, बस झालं. देऊन टाकू कुणाला तरी. तू चल माझ्याकडे." आणि मी, अण्णा, त्याच्यावर अशी भडकले की विचारू नका. म्हटलं, तुला काय, तू कंपनीत पगार घेतोस, मी आहे इथे, मी परत लावीन. आडव्या झाडांच्या मधोमध कंबरेला पदर खोचून उभी होते. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी लावीन आणि मला काही होणार नाही.

त्यावरून आमचं इतकं वाजलं की काही महिने बोलणं नव्हतं. शेवटी नातीनं मध्ये पडून तोड काढली. शीट तिघांनाही दिसेल, मी इथे भरीन, तो पनवेलला बघेल. त्यात सर्वांत खाली गंगाजळीचा एक चौकोन. वाडी आणि घर पुढचे काही महिने चालेल एवढी शिल्लक असेल तर तो हिरवा. नसेल तर लाल. नव्या लावणीला पहिला फुलोरा येईल त्या हंगामाच्या शेवटी तो लाल असला तर वाडी विकायची, हिरवा असला तर ठेवायची, आणि मधल्या काळात कुणी विकण्याचा विषय काढायचा नाही. दोघांनीही मान्य केलं. मला तर वाटलं मीच जिंकले. तोंड बंद ठेवायचं वचन आपणही देतोय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सुपारीचं रोप लावून झाड हाताशी यायला किती वर्षं जातात ते तुम्हाला मी काय सांगू. तेवढी वर्षं मी पहाटे उठून मोटर लावली, पाट वळवले, झावळ्या ओढल्या, खोल्या झाडल्या, चादरी धुतल्या, मोदक वळले. माणसं गोड बोलतात, "काकू, तुमच्याकडे काय शांत वाटतं." वाटणारच, सगळं मी उठून केलेलं असतं. गुडघे गेलेत. पाटाच्या पलीकडे जायचं तर खांबाला धरून पाय टाकते. पण त्याहून वाईट म्हणजे काही वाटेनासं झालंय. कुणी खोली मागायला फोन केला की तीन-चार वेळा वाजू देते, मग उचलते. नातीनं त्या दुसऱ्या पानावर शेवटी एक ओळ आपल्या मनानं घातली आहे, 'आत्या, स्वतःसाठी'. पुढे पट्टी रिकामी. म्हणाली, "गुडघ्यांसाठी ठेव, नाहीतर कुठे फिरून ये. तुला हवं ते लिही." मी त्यात कधी काही लिहिलं नाही. रिकाम्या चौकोनाला ना लाल येतो ना हिरवा, तसा नियमच तिनं घातलाय. ती ओळ दिसू नये म्हणून मी पान तिथपर्यंत खाली सरकवतच नाही.

धाकटा मात्र या वर्षांत बदलला. आधी विका म्हणणारा तोच, आता दर रविवारी फोन करून विचारतो, रोपं केवढी झाली, फोटो पाठव. ऑफिसातल्या लोकांना दाखवतो म्हणे, ही आमच्या वडिलांची वाडी. मला म्हणतो, "ताई, तू आहेस म्हणून अण्णा आहेत तिथे." मग मी उठून रोपांचे फोटो काढायला जाते.

आणि या वर्षी पहिल्या लावणीच्या झाडांना पोय फुटली. आपला जुना चढणारा आता चढत नाही, काठी टेकत वाडीत येऊन बसतो. त्यानंच आधी पाहिलं. "ताय, वर बगा. फुलोरा आला. अण्णा असते तं पेढं वाटलं असतं." मी वर पाहिलं. पिवळटसर तुरे, वास सुटलेला. मला काय वाटलं सांगू? मला रडू आलं, आणि तो समजला आनंदाचं आहे. आता ही झाडं धरणार, अण्णा. आता दर वर्षी सुपारी येणार, काढायची, वाळवायची, सोलायची, आणि ती धरत राहतील तितकी वर्षं मी इथून हलायचं नाही. खोल्यांचं भाडंही या मोसमात चांगलं आलं. मी आकडे भरत गेले आणि गंगाजळीचा चौकोन हिरवागार झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मरत होते तो रंग समोर आला, आणि मला वाटलं कुणीतरी बाहेरून कडी घातली.

म्हणून मी त्याला लाल केला.

आकड्याला हात लावला नाही. खोटा आकडा लिहिणं मला जमलं नसतं, तेवढी तुमची शिकवण अजून आहे अंगात. आधी वाटलं नुसता रंग ओतू. वर रंगाचा डबा असतो, त्यातून लाल घेतला आणि चौकोनात टाकला. तर तो हिरवाच. दोनदा केलं. मग लक्षात आलं, हातानं दिलेला रंग खाली राहतो, नियमाचा रंग त्याच्या वर बसतो. मग बाजूची पट्टी उघडली, जिथे ते नियम लिहिलेले असतात. 'याच्यापेक्षा कमी असेल तर' असं लिहून पुढे एक रक्कम होती. ती मी वाढवली. दोन्ही नियमांत वाढवली. एवढंच. चौकोन आपोआप लाल झाला. मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. वाटलं, आता तो बघेल, एकदा हळहळेल, म्हणेल ताई तू केलंस तेवढं पुष्कळ झालं, आणि कुणी गिऱ्हाईक बघेल. मला तोंडातून शब्द काढावा लागणार नाही.

त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. रविवार नव्हता. आवाज बसलेला. म्हणाला, "ताई, लाल बघितला मी." मी गॅस बंद केला. म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ. पोय फुटली आणि आता वाडी सोडायची, असं कसं होईल? मी पीएफ काढतो. उद्या फॉर्म भरतो. तुझा तो चौकोन हिरवा करून देतो मी, मग बघू." मी म्हटलं, "अरे, तुझे ते म्हातारपणाचे पैसे." तर म्हणाला, "तू तुझे गुडघे घातलेस त्यात, मी पैसे नको घालू का?" आणि मग म्हणाला, "मी तेव्हा विका म्हटलं होतं ना, ते अजून लागतं गं मला."  थांब एवढंच म्हटलं, दोन दिवस थांब, मी आकडे परत बघते. फोन ठेवला आणि पडवीत बसले, आणि मला विहिरीकडची ओळ आठवली.

तुम्हालाही आठवत असेल. मी चौथीत होते. विहिरीकडच्या झाडांची सुपारी मला अजिबात आवडायची नाही. ती पाटाच्या चिखलात पडायची. एकेक उचला, धुवा, टोपली भरून अंगणात न्या. एका दुपारी घरातली सगळी निजली होती. करवंटीत तुमचा उरलेला गेरू आणि केवड्याच्या मुळाचा कुंचा पडवीत होता. मी गेले आणि विहिरीकडच्या ओळीला एकामागून एक पट्टे ओढत सुटले. गेरूचं झाड म्हणजे चढायचं नाही, चढायचं नाही म्हणजे वेचायचं नाही, एवढंच माझं डोकं. आणि ते चाललंही. दुसऱ्या दिवशी चढणाऱ्यानं सगळ्या ओळीला वळसा घातला. खाली उतरल्यावर तुम्हाला म्हणाला, "इहिरीकडची समदी गेली की वो, अण्णानू." तुम्ही तसेच उठून गेलात. मी मागे मागे. तुम्ही कोयत्याची मूठ ठोकताय. एका झाडावर, दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. आवाज सगळीकडून भरीव. मग तुम्ही पट्ट्याकडे बघता. तुमचे पट्टे नेहमी तुमच्या छातीएवढ्या उंचीवर असायचे. हे तुमच्या कमरेलाही लागत नव्हते. तुम्ही पट्ट्याकडे बघता आणि मग माझ्याकडे बघता.

मला वाटलं आता फटका बसणार. तुम्ही पाटाच्या काठावर उकिडवे बसलात, माझं तोंड समोर येईल असे. आणि विचारलंत, "दमलीस काय, बाय?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही म्हणालात, "दमली असशील तर दमले म्हणावं. झाडाच्या अंगावर लिहू नये. झाडाला काही झालेलं नाही." आणि मग चढणाऱ्याकडे बोट केलंत. "आज याला चांगल्या झाडावर गेरू सापडला. उद्या हा खऱ्या गेरूवर विश्वास ठेवणार नाही. मग?" तो तिकडे बसून विडी ओढत होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. तुम्ही तिथली झावळीच्या बुडाची एक पडलेली विरी पाटात बुडवलीत आणि स्वतःच्या हातानं एकेक पट्टा पुसलात. तो परत वर चढला. मी सगळी सुपारी वेचली, चिखलातली सुद्धा, आणि आईला तुम्ही काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी कुंचा माझ्या हातात दिलात. तुम्ही ठोकायचात, चुना की गेरू सांगायचात, मी पट्टा ओढायची, आणि उंची पुरावी म्हणून तुम्ही पाट आणून ठेवला होता बसायचा. शिक्षा होती की बक्षीस, ते मला अजून कळलेलं नाही.

आज मी नियम परत होता तसा केला. चौकोन हिरवा झाला. लगेच होतो, काही वेळ लागत नाही. मग दुसरं पान उघडून खाली सरकवत नेलं, 'आत्या, स्वतःसाठी'पर्यंत. त्या रिकाम्या चौकोनात 'दमले' असं लिहिलं. आकडा नव्हता, म्हणून त्याला कुठला रंग आला नाही, पट्टीही हलली नाही. नुसता शब्द राहिला आहे तिथे, काळ्यात. धाकटा कामावरून आला की जेवायच्या आधी शीट बघतो. आज बघेल. गंगाजळी हिरवी बघून त्याला बरं वाटेल, आणि मग दुसऱ्या पानावर खाली येईल. कदाचित रागावेल, लाल आधी कुठून आला विचारेल, ते मी सांगेन. कदाचित विकू म्हणेल, कदाचित कुणाला चालवायला देऊ म्हणेल. काय ते होईल. माझ्याच्यानं आता होत नाही, हे त्याला रंगाशिवाय कळू दे. पाहुणे यायची वेळ झाली, चहा टाकायला हवा.

एवढं एकच राहिलंय, अण्णा. त्या दिवशी विहिरीपाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. खूप दमले होते.